ज्यांना वाढवलं तेच उलटले तेव्हा पौलाने काय केलं? करिंथच्या मंडळीचं पूर्ण प्रकरण

मंडळीत थोडंफार काम केलेल्या कुणालाही विचारा, बाहेरच्यांनी नावं ठेवली तर एवढं लागत नाही, लागतं ते आपल्या माणसांचं. ज्यांच्या आजारपणात रात्री हॉस्पिटलला बसलो, ज्यांच्या पोरांच्या अ‍ॅडमिशनसाठी धावलो, तेच लोक वार्षिक मीटिंगमध्ये उभं राहून हिशोब मागतात आणि तोही अशा टोनमध्ये की जणू आपण दानपेटी घरी नेली. मग कुणीतरी वयस्कर काका खांद्यावर हात ठेवून म्हणतात, सोडून द्या हो, देव बघतोय, ख्रिस्ती माणसाने गप्प राहायचं असतं. ह्या सल्ल्यात वाईट काही नाही, पण तो अर्धाच आहे असं मला वाटतं, आणि त्याला माझ्याकडे एकच पुरावा आहे, तो म्हणजे येशूचा प्रेषित पौल आणि त्याने उभी केलेली करिंथची मंडळी. नव्या करारात कृतघ्नपणाची एवढी सविस्तर फाईल दुसरी नाही. आपण त्यातली निवडक वचनं तेवढी उचलतो आणि मधली सगळी भानगड वगळतो.

आधी गाव कसं होतं ते बघू, कारण त्याशिवाय भांडण कळत नाही. ग्रीसमधलं जुनं करिंथ रोमनांनी इ.स.पू. १४६ मध्ये उद्ध्वस्त केलं होतं, जवळजवळ शंभर वर्षं ते तसंच पडून होतं आणि मग इ.स.पू. ४४ मध्ये ज्युलियस सीझरने तिथे नवी वसाहत बसवली. वसवलेल्यांत मुक्त झालेले गुलाम बरेच होते. म्हणजे खानदानी लोक कमी आणि स्वतःच्या हिमतीवर वर आलेले जास्त. दोन बाजूंना दोन बंदरं, पश्चिमेला लेखियोन आणि पूर्वेला किंख्रिया, मधे जमिनीची अरुंद पट्टी, सगळा व्यापार तिथूनच जाणार. पैसा भरपूर आणि नाव कमवायची घाई त्याहून भरपूर, कुणी एखादा चौक फरसबंद करून दिला तरी दगडावर स्वतःचं नाव कोरून घेणार. (हे वाचून आपल्या चर्चच्या पंख्यांवर आणि बाकांवर लिहिलेली नावं आठवली असतील तर तो योगायोग समजा.)

पौल इथे आला साधारण इ.स. ५० च्या सुमारास. एवढं नेमकं सांगता येतं कारण नव्या करारातल्या प्रेषितांची कृत्ये ह्या पुस्तकाच्या १८ व्या अध्यायात गल्लियो नावाच्या सुभेदारापुढे त्याला उभं केल्याचं आहे आणि ह्या गल्लियोचा उल्लेख डेल्फीच्या शिलालेखात सापडलाय, त्यावरून तो ५१-५२ च्या आसपास तिथे होता असं धरतात. पौलाला अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला भेटले, सम्राट क्लौद्याने रोममधून यहूद्यांना हाकललं त्यात हे जोडपं इकडे आलेलं. धंदा एकच, तंबूचं काम, म्हणून तो त्यांच्याकडेच राहिला आणि हाताने काम करून खायचा. दीड वर्ष राहिला. यहूद्यांच्या सभास्थानातून हाकलला गेला, शेजारच्या घरात शिकवायला लागला, सभास्थानाचा अधिकारी क्रिस्प घरच्यांसकट विश्वासात आला. त्या काळात पौल घाबरलेला होता हे तो स्वतःच लिहितो, आणि रात्री दर्शनात प्रभूने त्याला सांगितलं की भिऊ नकोस, बोलत राहा, ह्या शहरात माझे पुष्कळ लोक आहेत. नंतर ज्यांनी पौलाला रडवलं ते ह्याच पुष्कळ लोकांपैकी होते, हे लक्षात ठेवा.

आता मुख्य भांडण, ते म्हणजे पैसा. आणि गंमत अशी की पौलाने पैसे घेतले म्हणून नाही, घेतले नाहीत म्हणून लोक चिडले.

त्या काळी फिरते वक्ते आणि तत्त्वज्ञ एखाद्या श्रीमंताच्या घरी राहायचे, त्याच्याकडून मानधन घ्यायचे, आणि बदल्यात त्या यजमानाची इज्जत वाढायची की बघा, हा एवढा मोठा विद्वान आमच्याकडे आहे. ज्याने घेतलं तो देणाऱ्याचा माणूस झाला. करिंथमधल्या चार पैसेवाल्यांना पौल असा आपला माणूस म्हणून हवा असणार, असं बऱ्याच अभ्यासकांचं म्हणणं आहे. पौलाने नाही म्हटलं. १ करिंथ ९ मध्ये (म्हणजे करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा ९ वा अध्याय) तो स्पष्ट लिहितो की सुवार्ता सांगणाऱ्याला पोटापाण्याचा हक्क आहे, पण मी तो वापरला नाही, सुवार्ता फुकट द्यायची म्हणून. एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं, पण उत्तरेकडच्या मासेदोनिया प्रांतातल्या मंडळ्यांकडून, म्हणजे फिलिप्पैसारख्या गरीब मंडळीकडून, त्याने मदत घेतली, आणि तीही करिंथमध्ये राहत असताना. म्हणजे आमच्याकडे पाणीसुद्धा प्यायला नाहीत आणि शेजारच्यांकडे पंगतीला बसून आलात, असा तो मामला. गावाकडे असल्या गोष्टीवरून दोन-दोन पिढ्या बोलणं बंद असतं, त्यामुळे त्यांचा राग मला अगदीच अनाकलनीय वाटत नाही. रागाला कारण होतं. पण त्या रागातून त्यांनी जे केलं ते मात्र कृतघ्नपणाच होता.

पौल निघून इफिसला गेला आणि मागे गट पडले, मी पौलाचा, मी अपुल्लोचा (दुसरा एक उपदेशक), मी केफाचा (म्हणजे पेत्राचा). ख्लोवे नावाच्या बाईच्या घरच्यांकडून त्याला ही बातमी कळली. त्याने पत्र लिहिलं, तेच आपलं १ करिंथ. त्यात तो प्रीतीचा १३ वा अध्याय आहे जो आपल्याकडे लग्नात हमखास वाचतात, नवरा-नवरी घामाघूम, फोटोग्राफर मधेमधे, आणि वाचणारा सांगतोय की प्रीती अपकार मनात धरत नाही. मुळात ते लग्नासाठी लिहिलेलंच नाही, ते ह्या भांडकुदळ मंडळीसाठी लिहिलंय. आणि लिहिणाऱ्याची स्वतःची परीक्षा तर अजून व्हायचीच होती.

ती झाली दुसऱ्या भेटीत. ही भेट प्रेषितांच्या कृत्यांत कुठे नाही, २ करिंथ २ मध्ये तो नुसता उल्लेख करतो की पुन्हा दुःख द्यायला यायचं नाही असं मी ठरवलं. काय झालं ते पूर्ण कळत नाही, पण कुणीतरी एका माणसाने सगळ्यांसमोर पौलाचा अपमान केला किंवा त्याच्यावर काहीतरी अन्याय केला असं बहुतेक अभ्यासक मानतात, आणि जास्त लागणारी गोष्ट ही असावी की बाकीचे सगळे बघत राहिले. ज्यांना हातात धरून विश्वासात चालायला शिकवलं त्यातला एकही त्याच्या बाजूने उभा राहिला असं कुठे दिसत नाही. पौल तिथून परत गेला. परत यायचं कबूल केलं होतं तेही रद्द केलं, तर लगेच नवा आरोप, बघा, ह्याच्या हो ला हो नाही आणि नाही ला नाही.

आरोपांची यादी २ करिंथमध्ये इकडेतिकडे विखुरलीय, ती गोळा केली की दम लागतो. ह्याचा शब्द पक्का नाही. ह्याच्याकडे शिफारसपत्र नाही. पत्रं जोरदार लिहितो पण समोर आला की माणूस मवाळ आणि बोलणं टाकाऊ. भाषण करता येत नाही. पैसे घेत नाही म्हणजे खरा प्रेषितच नसणार, कारण खरा असता तर हक्काने घेतले असते. आणि ह्याच्या अगदी उलट, स्वतः घेत नाही पण आपला सहकारी तीत याला पाठवून गरिबांच्या नावाने चलाखीने वर्गणी काढतो. शेवटचे दोन आरोप एकाच माणसावर एकाच वेळी कसे लागू होतील असं विचारू नका, मन फिरलेल्या लोकांना त्याची गरज नसते, हे ज्याने कुठल्याही कमिटीत काम केलंय त्याला माहितीय.

मग पौलाने काय केलं.

पहिलं म्हणजे तो तिथून निघून गेला आणि त्याच वेळी परत गेला नाही. राग ताजा असताना तिसरी भेट टाळली, आणि २ करिंथ १:२३ मध्ये कारण सांगतो की तुमची गय करावी म्हणून आलो नाही. म्हणजे आलो असतो तर कडक वागावं लागलं असतं. हे पळून जाणं नाही, दोन्ही बाजूंना थंड व्हायला जागा देणं आहे. दुसरं, त्याने पत्र लिहिलं, पुष्कळ दुःखाने, मन पिळवटून, रडत रडत, असं तो २:४ मध्ये सांगतो. ते पत्र आज आपल्याकडे नाही असं बरेच जण मानतात. म्हणजे तो गप्प बसला नाही! त्याला लागलं हे त्याने त्यांना सांगितलं. मंडळीतल्या चौथ्याच माणसाकडे जाऊन नाही, ज्यांनी दुखावलं त्यांनाच. आपण नेमकं उलटं करतो, दुखावणाऱ्यासमोर प्रेझ द लॉर्ड आणि घरी येऊन तासभर फोन.

तिसरं, स्वतःऐवजी तीताला पुढे केलं. तीतावर त्यांचा राग नव्हता. भांडणात आपणच आपली बाजू घेऊन गेलो की समोरचा ऐकतच नाही, पण दोघांना चालणारा एखादा शहाणा माणूस गेला तर दार उघडतं. पण हे एवढं साधं नव्हतं, कारण पत्र पाठवून पौल शांतपणे बसला नाही. त्रोवसला गेला, तिथे कामाला चांगली संधी मिळाली होती आणि तरी तीत भेटेना म्हणून त्याला चैन पडेना, ते सोडून मासेदोनियाला निघाला. तिथेही बाहेर भांडणं आणि आत भीती, हे त्याचेच शब्द आहेत ७:५ मधले. पत्र पाठवल्याचा आपल्याला पस्तावा झाला होता हेही तो लपवत नाही. मला हा भाग सगळ्यात जास्त धीर देतो. प्रेषित असून लोकांच्या वागण्याने त्याची झोप उडते, काम सुचत नाही, आणि तो हे लिहून ठेवतो. आपल्याला मात्र वाटत राहतं की विश्वास पक्का असता तर एवढं लागलंच नसतं.

शेवटी तीत आला, बातमी चांगली घेऊन आला. करिंथकर हलले होते, रडले होते, आणि त्या माणसाला बहुसंख्य लोकांनी शिक्षाही केली होती. आता इथे नीट बघा. ज्याच्यामुळे हे सगळं घडलं तो माणूस आता मंडळीत एकटा पडलाय, वारं फिरलंय, लोक पौलाच्या बाजूला आलेत. पौल सूड न घेता नुसता गप्प राहिला असता तरी तो माणूस संपला असता. पण तो लिहितो की झाली तेवढी शिक्षा पुरे, आता त्याला क्षमा करा, धीर द्या, नाहीतर दुःखात बुडून जाईल, आणि तुम्ही त्याला क्षमा करता तर मीही केली. नाव कुठेही घेत नाही. दोन हजार वर्षं झाली, तो माणूस कोण ते नक्की कुणालाच माहीत नाही, कारण ज्याचा अपमान झाला त्यानेच नाव झाकलं. माझ्या मते ह्या सबंध प्रकरणातली सगळ्यात अवघड गोष्ट ही आहे, आपलं पारडं जड झालं असताना थांबणं.

इथे संपायला पाहिजे होतं, पण २ करिंथ १० वा अध्याय उघडला की सूर एकदम बदलतो. काही अभ्यासक म्हणतात १० ते १३ हे वेगळंच पत्र आहे जे नंतर जोडलं गेलं, काही म्हणतात तेच ते रडत लिहिलेलं पत्र, काही म्हणतात एकच पत्र आहे पण मधे नवी बातमी आली. ते काहीही असो, इथे बाहेरून आलेले उपदेशक दिसतात, शिफारसपत्रं घेऊन आलेले, बोलण्यात पटाईत, पैसे घेणारे, आणि मंडळी त्यांच्यावर खूश. पौल त्यांना चक्क अतिश्रेष्ठ प्रेषित म्हणतो, टोमणा मारून. हो, पौल टोमणे मारतो. १२:१३ मध्ये तर म्हणतो की बाकीच्या मंडळ्यांपेक्षा तुम्हाला कमी काय मिळालं, एवढंच ना की मी तुमच्यावर भार घातला नाही, एवढ्या अन्यायाची मला क्षमा करा! ख्रिस्ती नम्रता म्हणजे मिळमिळीत बोलणं असं ज्यांना वाटतं त्यांनी हे चार अध्याय एका बैठकीत वाचावेत.

पण टोमण्याच्या आत काय चाललंय तेही बघायला हवं. त्याला नाइलाजाने स्वतःची बढाई मारावी लागते, तर तो काय सांगतो? पाच वेळा यहूद्यांकडून एकोणचाळीस फटके, तीनदा छड्या, एकदा दगडमार, तीनदा जहाज फुटलं. आणि यादीच्या शेवटी, सगळ्यात मोठा पराक्रम म्हणून, दिमिष्कात (म्हणजे दमास्कसमध्ये) पकडायला आले तेव्हा भिंतीतल्या खिडकीतून मला टोपलीत बसवून खाली सोडलं आणि मी निसटलो. ज्या शहरात दगडावर नाव कोरून घेतात त्या शहराला हा माणूस आपल्या पळून जाण्याची गोष्ट सांगतोय. त्यांच्या मोजपट्टीवर उभं राहायलाच त्याने नकार दिला.

ह्या टोपलीवरून एक गोष्ट सांगून ठेवतो कारण ह्या विषयावरचे उपदेश ऐकून काही जण चुकीचा अर्थ घेतात. घरात मारहाण होतेय, जिवाला धोका आहे, तिथे सहन करत बसा असं हे प्रकरण सांगत नाही. पौल टोपलीतून निसटला, फटके मारायला बांधलं तेव्हा रोमन नागरिकत्व पुढे केलं, शेवटी कैसराकडे, म्हणजे रोमन सम्राटाकडे, दाद मागितली. करिंथकरांचा कृतघ्नपणा वेगळा आणि दिमिष्कातला पाठलाग वेगळा, दोन्हीकडे तो एकसारखा वागला नाही.

आणि पैशांचं काय केलं? दोन गोष्टी. पैसे न घेण्याचं धोरण बदललं नाही, एवढं बोलणं खाऊनसुद्धा, पुढेही भार घालणार नाही म्हणाला, मुलांनी आईबापांसाठी साठवायचं नसतं, आईबापांनी मुलांसाठी साठवायचं असतं. लोक नाराज झाले म्हणून देणगीचा प्रकार बदलायचा नाही, आणि चिडून द्यायचं बंदही करायचं नाही. पण यरुशलेमच्या गरिबांसाठीच्या वर्गणीबद्दल संशय होता, तिथे त्याने देव बघतोय म्हणून विषय संपवला नाही. तीताबरोबर मंडळ्यांनी निवडलेला एक भाऊ पाठवला, आणखी एक पाठवला, आणि कारण उघड लिहिलं की ह्या मोठ्या रकमेवरून कुणी आमच्यावर दोष ठेवू नये, फक्त प्रभूपुढे नाही तर माणसांपुढेही व्यवहार स्वच्छ दिसला पाहिजे. मंडळीत हिशोब मागणाऱ्यावर चिडणाऱ्या प्रत्येक खजिनदाराने २ करिंथ ८:२०-२१ पाकिटात ठेवावं. हिशोब मागणारा दुष्ट हेतूने मागत असेल तरीही हिशोब द्यायचा, दुष्ट हेतूचं उत्तर पावतीनेच देता येतं.

एवढं सगळं तो कुठल्या बळावर करू शकला ह्याचं उत्तर मला १३:७ मध्ये सापडतं. तिथे तो म्हणतो की आम्ही देवाजवळ प्रार्थना करतो की तुम्ही वाईट करू नये, आणि ते आम्ही खरे ठरावे म्हणून नाही, तर तुम्ही चांगलं करावं म्हणून, मग आम्ही नापास दिसलो तरी चालेल. नीट वाचलं तर हे भयंकर आहे. करिंथकर सुधारले तर पौलाला कडकपणा दाखवायची वेळच येणार नाही, मग विरोधक म्हणतील बघा, मवाळच निघाला. त्याला ते चालणार आहे. आपल्याला कृतघ्नपणा लागतो तेव्हा आत कुठेतरी अशी इच्छा असतेच की समोरच्याचं थोडं तरी वाटोळं व्हावं म्हणजे आपण बरोबर होतो हे सगळ्यांना कळेल. ही इच्छा गेली की टोमणासुद्धा प्रीतीचा असू शकतो, आणि ती राहिली तर गोड बोलणंसुद्धा सूडच असतं. १२:१५ मध्ये विचारतो, मी जास्त प्रीती करतो म्हणून तुम्ही कमी करणार का? उत्तराची वाट न बघता पुढच्याच वाक्यात, ते असो, मी भार घातला नाही. प्रश्न विचारला, दुखतंय ते दाखवलं, आणि पुढे गेला.

शेवट काय झाला? प्रेषितांची कृत्ये २० प्रमाणे तो पुन्हा ग्रीसला आला, तीन महिने राहिला, हीच करिंथची तिसरी भेट धरतात. रोमकरांस पत्र त्याने बहुधा इथेच लिहिलं, आणि त्यात दोन-तीन ओळी अशा आहेत की हे प्रकरण माहीत असलं तर वाचताना थांबायला होतं. एक म्हणजे मासेदोनियाबरोबर अखयानेही (करिंथ ज्या प्रांतात होतं तो) वर्गणी दिली, म्हणजे करिंथकरांनी पैसे दिले. दुसरं, माझा आणि सर्व मंडळीचा पाहुणचार करणारा गायस तुम्हाला सलाम सांगतो. हा गायस बहुतेक तोच, ज्याचा बाप्तिस्मा पौलाने स्वतः केला होता असं १ करिंथ १ मध्ये आहे. म्हणजे ज्या गावातून अपमान सोसून निघाला त्याच गावात तो आता कुणाच्या तरी घरी पाहुणा आहे. आणि तिथेच बसून त्याने रोम १२ सांगितला, छळणाऱ्यांना आशीर्वाद द्या, वाईटाबद्दल वाईट देऊ नका, शत्रू भुकेला असेल तर खायला द्या. आपण तो अध्याय फ्रेम करून हॉलमध्ये लावतो, पण त्याला करिंथचा वास आहे. त्यातल्या १८ व्या ओवीत तो सगळ्यांशी शांतीने राहा एवढंच म्हणत नाही, आधी म्हणतो शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितकं. ही अट करिंथने शिकवली असणार असं मला फार वाटतं, अर्थात हा माझा अंदाज.

करिंथकर कायमचे सुधारले का, तर नाही. पहिल्या शतकाच्या शेवटाला रोमच्या मंडळीने त्यांना एक लांबलचक पत्र पाठवलं, क्लेमेंटच्या नावाने ते ओळखलं जातं, कारण करिंथने आपल्या चांगल्या वडिलांना पदावरून काढून टाकलं होतं. म्हणजे परत तेच. त्या पत्रात त्यांना सांगितलंय की पौलाचं पत्र काढून वाचा. आणि ते त्यांच्याकडे होतं! ज्या पत्रांत त्यांची अशी धुलाई केलीय ती त्यांनी फाडली नाहीत, जपली, नकला होऊ दिल्या, म्हणून तर आपल्यापर्यंत आली. इ.स. १७० च्या सुमाराला करिंथचा बिशप दियोनिसियस रोमला कळवतो की क्लेमेंटचं ते पत्र आम्ही अजून मंडळीत वाचतो, सगळ्यांसमोर.